सिरिंजमधलं पाणी

नवजात बाळांच्या कक्षात सगळे तिला 'फौजदार' म्हणत. हात न धुता आत पाऊल टाकणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही ती दारातून परत पाठवायची. नर्स म्हणून सोळा वर्षं झाली होती, पण तिने एकही नियम मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, तिसऱ्या काचेच्या पेटीतल्या मुलीची तब्येत एकदम ढासळली. सत्तावीस आठवड्यांत जन्मलेली, वजन जेमतेम नऊशे ग्रॅम. डॉक्टरांनी तिच्या आईला व्हीलचेअरवरून आत बोलावलं आणि स्पष्टच सांगितलं, "आमचे प्रयत्न चालू आहेत, पण पुढचे काही तास कठीण आहेत." बाळाचे वडील ट्रक घेऊन लांब गेले होते. उद्याशिवाय पोचणार नव्हते.

बाळाच्या आईने काचेवर हात ठेवला. "फादरना फोन केलाय, पण त्यांना दोन तास लागतील. तोवर थांबेल ही?"

"सांगता येत नाही," फौजदार म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमत नसे.

"मग सिस्टर, तुम्हीच बाप्तिस्मा द्या. अशा वेळी कुणीही दिला तरी चालतो ना? तुमच्या गळ्यात क्रूस आहे."

क्रूस होता, पण तो केवळ आपल्या आईचं मन राखायला. तीन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ इमारतीच्या पायाडावरून पडला. अकरा दिवस ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर प्रार्थना करत बसली होती. बाराव्या दिवशी तो गेला. त्यानंतर तिने चर्चची पायरी चढली नव्हती. पण हे सगळं सांगायची ही वेळ नव्हती.

तिने सिरिंजमध्ये निर्जंतुक पाणी भरलं आणि मुठीत धरून ते कोमट केलं. बाळाच्या आईने फौजदारच्या कानात नाव सांगितलं. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून तिने ते नाव हळूच उच्चारलं आणि कपाळावर तीनदा पाणी सोडलं. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." लहानपणी पाठ केलेले शब्द, न अडखळता आले. बाळाने कपाळाला आठी घातली. फौजदारने रिकामी सिरिंज कचऱ्यात न टाकता खिशात ठेवली.

मुलगी गेली नाही. सुधारलीही नाही. फादर आले, आशीर्वाद देऊन गेले.

फौजदारला मात्र चैन पडेना. घरी तिने चहात दोनदा साखर घातली, सुट्टीच्या दिवशी सकाळीच गणवेश चढवला. तिच्या आईने उपवासकाळात गोड सोडलं होतं, त्यामुळे ती आधीच चिडचिडी झालेली. "तीन वर्षं दगडासारखी झोपायचीस," ती म्हणाली, "आता चार दिवस नुसती कुशी बदलतेयस. काय झालंय?"

"त्या बाईला फसवलं मी," फौजदार म्हणाली आणि चपला घालून निघाली.

चर्चमध्ये फादर शिडीवर चढून, ईस्टरपर्यंत झाकून ठेवायच्या पुतळ्यांवर जांभळं कापड टाकत होते. तिला लहानपणापासून ओळखणारे. "बरी आलीस. शिडी धर," ते वरूनच म्हणाले.

तिने शिडी धरली आणि सगळं सांगून टाकलं.

"पाणी होतं? शब्द बरोबर म्हणालीस?"

"हो."

"त्या माउलीने जे मागितलं, तेच द्यायचं मनात होतं?"

"तेच होतं. पण माझा विश्वासच नाही, फादर."

"बाप्तिस्मा देणारा देव आहे. तू फक्त हात दिलास. तो झाला."

"मग माझ्या भावाच्या वेळी देव कुठे गेला होता?" तिचा आवाज रिकाम्या चर्चमध्ये मोठा वाटला.

फादर खाली उतरले, शेवटच्या पायरीवर बसले. "माहीत नाही गं. त्याला मातीत ठेवताना मी काय काय बोललो, पण तुझ्याकडे बघायचं धाडस झालं नाही."

तिला वाटलं होतं ते समजूत घालतील, मग आपल्याला भांडता येईल. आता भांडायचं कुणाशी? उरलेली दोन कापडं तिनेच चढवली आणि तडक हॉस्पिटल गाठलं.

पुढचे दिवस वर-खाली गेले. मंगळवारी बाळाला संसर्ग झाला, शुक्रवारी ताप उतरला. मॉनिटरवरचा आकडा घसरला की फौजदार मनातल्या मनात देवाला झापायची, "हिला तरी ठेव. ऐकतोयस का?" यालाच प्रार्थना म्हणतात, हे तिला बऱ्याच दिवसांनी कळलं. भाऊ आठवायचा आणि ती पुन्हा पेटीशी जाऊन उभी राहायची.

ईस्टरनंतर दोन महिन्यांनी मुलगी घरी जायला निघाली. बाप्तिस्म्याचा चर्चमधला उरलेला विधी आता व्हायचा होता. तिच्या आईने विचारलं, "धर्ममाता व्हाल?"

फौजदारने खरं ते सांगितलं. अगदी भावापासून सगळं.

बाई बाळाचं दुपटं नीट करत राहिली. "त्या दिवशी माझा तरी विश्वास कुठे होता, सिस्टर? म्हणून तर तुम्हाला पुढे केलं."

फौजदार पहिल्यांदाच त्या कक्षात मोकळेपणाने हसली. "येते," ती म्हणाली. "पण तिथेही बाळाला हात लावण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे. फादरनीसुद्धा."