मोठाळची खांड

१९३२च्या आश्विनात मुंबईत एका गोऱ्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. मारेकरी सापडला नाही. आठवड्याभरात खाडीकाठच्या मोठाळ गावात चावडीवर हुकूम वाचला गेला: पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये.

पौर्णिमेच्या उधाणाला गावाच्या बाहेरच्या बांधाला खांड पडली. दोन हात रुंद. आत दीडशे एकर भात, लोंब्या भरत आलेल्या. खारं पाणी शिरलं की ते पीक जातं आणि पुढे तीन वर्षं जमीन काही देत नाही. म्हणून खांड पडली की बांधाचा मुकादम भागोजी हाळी देई आणि घरटी एक माणूस हातातलं काम टाकून येई.

या वेळी त्याने हाळी दिली नाही. तिघांना सोबत घेऊन गेला. चिखलाचे गोळे शेतातून खांडीपर्यंत रांगेने, हातोहात जावे लागतात. चौघांनी पळत आणून टाकलेला गोळा दुसरा येईपर्यंत वाहून जात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खांड पाच हात झाली.

"मुकादम, दर्या काय चौघं-चौघं येतो व्हय?" मनुबाईने विचारलं. तिचं शेत खांडीला लागून होतं.

"हुकूम हाय, मनुबाय."

"मग हुकूमच टाक खांडीत. ऱ्हातो का बघू."

भागोजीने हाळी दिली. साठ माणसं आली. दुपारच्या भरतीआधी खांड बुजली, पण कच्ची. वर दगड चढवायचं काम अमावास्येच्या उधाणाआधी व्हायला हवं होतं.

ते झालं नाही. हवालदाराने जबानी दिली: साठ इसम, फावडी घेऊन, एकाच्या हुकमावरून रांगेत कवायत करत होते. बाराजणांना पकडून अलिबागला नेलं.

"कवायत कोणी शिकवली?" मॅजिस्ट्रेटने भागोजीला विचारलं.

"बापानं."

"तो कुठे आहे?"

"मेला."

"मुंबईत तुझं कोण?"

"भाऊस. गिरणीत हाय."

कारकुनाने तेही उतरवून घेतलं.

पुन्हा जमणार नाही असं लिहून दिलं तर सुटका होती. अकराजणांनी अंगठे दिले.

"अंगठा दिला तं अमुशेला हाळी देता येल?" भागोजीने विचारलं.

"नाही."

"मंग न्हाय देत."

त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

अमावास्येला बांधावर तीन शिपाई उभे होते. सुटून आलेले अकराजण आपापल्या खाचरात थांबले. हाळी कोणी दिली नाही. दुपारी कच्ची माती सुटली आणि पाणी आत आलं. मुंबईचा मारेकरी तोवरही सापडलेला नव्हता.

मनुबाई गुडघाभर पाण्यात अर्धवट पिकलेलं भात कापायला लागली. शेजारच्या तिघी विळे घेऊन उतरल्या. गावातली राही पाचवी म्हणून आली, तेव्हा शिपायाने तिला बांधावरच थांबवलं.