बुढीचा चावा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून लिहिलं म्हणायला जागा नाही. चूक माहीत नसताना होते, तुम्हाला माहीत होतं. ‘मुलीने वसतिगृहात चोरून पाळलेला विषारी कोळी बरणीतून निसटून चावल्याने मृत्यू’ असं तुमच्या अहवालात आहे. खाली तुमची सही आहे, तारीख आहे, सालही बरोबर आहे, अठ्ठ्याण्णव. त्या कागदावर खरं तेवढंच. आता त्या मुलीच्या बापाचं, पोचूचं ऐका. तो तुमच्यासमोर बोलला तेव्हा तुम्ही चहा पीत होतात.

पोचूचं गाव आलापल्लीच्या पलीकडं, पक्की सडक संपल्यावर तीन तास पायी. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहा आणि तेंदूपत्ता, हिवाळ्यात जंगलखात्याच्या झाडतोडीवर मजुरी. अशाच एका तोडीत ऐनाचं जुनं झाड आडवं झालं आणि त्याच्या ढोलीतून कोळी निघाला. घराच्या कोपऱ्यात जाळं लावतो तो नव्हे. पोचूच्या पंजाएवढा, राखाडी, केसाळ, पाठीवर सालीसारखी नक्षी. बाकीच्यांनी कुऱ्हाडी उचलल्या. पोचूनं भाकरीचा डबा रिकामा करून त्याच्यावर उपडा घातला आणि घरी आणला. बायको सोमारीनं विचारलं, हे काऊन आणलं? पोचू म्हणाला, तिचं घर पाडलं आपण.

पोरगी करिश्मा, एकुलती एक, तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं कोळ्याचं नाव बुढी ठेवलं, कारण ती दिवसभर घरात बसायची आणि कोणी दारात आलं की चिडायची. आलापल्लीच्या बाजारात जलालुद्दीनचं दुकान आहे. पोचू त्याला मोहा विकायचा. त्यानं गोळ्यांची काचेची बरणी दिली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून दिली, आणि वर सांगितलं की पोचूभाऊ, लोक कुत्रा पाळतात, बकरी पाळतात, तुमची बात निराली आहे.

बुढीच्या रागाला पायऱ्या होत्या. पोचूनं त्या पोरीला शिकवल्या. झाकण उघडलं की ती आधी सालीच्या तुकड्यामागं पळायची. तिथंही बोट गेलं तर पुढचे पाय वर उचलायची, त्यांच्या खालचा हळदीसारखा पिवळा रंग दाखवायची. तरी कोणी हललं नाही तर पाय आपटायची, दात बाहेर काढायची. आणि त्यानंतरही हात तिथंच राहिला तर चावायची.

“थे तीनदा सांगते,” पोचू म्हणायचा. “चौथ्यांदा चूक आपली.”

करिश्माला बुढी कधी चावली नाही. गावातली पोट्टी बघायला जमली की करिश्मा मास्तरणीसारखी सांगायची, आता पाय उचलन, आता सरका मागं. चावली ती फक्त झिंगूला. झिंगू पोचूसोबत झाडं तोडायचा. मोहाची दारू पिऊन आला, पैज लावली आणि बोट घातलं. दोन दिवस असा ओरडला की नाल्यापलीकडच्या गावानं माणूस पाठवून विचारलं, कोण मेलं? तिसऱ्या दिवशी झिंगू दोन ताटं भात जेवला आणि पोचूला शिव्या देऊन पुन्हा कामावर गेला.

जूनमध्ये करिश्माला आश्रमशाळेत घातलं. बुढीशिवाय जात नाई म्हणून बसली. सोमारी नको म्हणत होती. पोचूनं बरणी पोरीच्या हातात दिली. एवढंच त्यानं केलं, आणि पोरगी गेल्यावर दहा दिवस त्याला वाटत राहिलं की आपणच तिला मारलं.

कारण त्याला तसंच सांगण्यात आलं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात शाळेचा शिपाई गावात आला, म्हणाला, तुमचा कोळी चावला, पोरगी गेली. मातीला अख्खा गाव आला. सोमारी नवऱ्याशी एकच वाक्य बोलली.

“तुह्या हातानं देल्लं तू.”

त्यानंतर ती बोलली नाही. भात वाढायची, ताट दूर सरकवायची. रडायला नदीवर जायची, म्हणजे त्याच्यासमोर रडायला नको. पोचूनं झिंगूचं उदाहरण देऊन पाहिलं, पण त्याचा त्यालाच भरवसा वाटेना. झिंगू बाप्या माणूस, पोरगी नऊ वर्षांची. शिवाय सरकारी माणूस सांगतो आहे.

अकराव्या दिवशी तो पोरीची पेटी आणायला शाळेत गेला. स्वयंपाक करणाऱ्या कलाबाईनं त्याला चुलीजवळ बसवलं आणि फळीवरच्या डब्यांमागून बरणी काढली. वसतिगृहाच्या अधीक्षकानं तिला बरणीत रॉकेल ओतायला सांगितलं होतं. तिनं ओतलं नव्हतं. बुढी जिवंत होती.

मग कलाबाई खाली मान घालून सांगत गेली. त्या दिवशी ती उजाडताना चूल पेटवायला आली तर करिश्मा पोट धरून बसलेली. पोट्ट्या सगळ्या एका खोलीत, खाली सतरंज्यांवर झोपतात, भिंतीला उंदरांची बिळं. कलाबाईनं विचारलं, काही चावलं का? करिश्मा नाही म्हणाली. अंगावर सूज नाही, ओरखडा नाही. फक्त पोट दुखतं म्हणाली, झोप येते म्हणाली, आणि तिच्या पापण्या वर राहीनात. बोटांनी उचलल्या तरी पडत. उशाशी बरणी दिसली तसा अधीक्षक म्हणाला, हाच चावला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, काय चावलं? अधीक्षकानं सांगितलं, कोळी, सर, पोरीनं पाळला होता. डॉक्टरनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं. जिला चावल्याचं दुखत नव्हतं तिला दुखण्याचं इंजेक्शन. सापाची लस बाजूच्या फ्रिजमध्ये होती. अकरा वाजता करिश्माचा श्वास थांबला.

“बरणीचं झाकण?” पोचूनं विचारलं.

“लागलेलं होतं, भाऊ. मीच उचलली ना थे. आत बसून होती तुमची बुढी.” आणि मग हळूच म्हणाली, “माह्या नावानं नका सांगू कुठी. माह्यी नोकरी जाईन.”

पोचूला तिथंच कळलं. त्या मुलखातलं गुरं चारणारं पोरही सांगेल. जी चावलेली कळत नाही, सूज येत नाही, पण पोट दुखतं आणि पापण्या पडतात, ती मण्यार. पावसाळ्यात उंदरांमागं घरात येते, खाली झोपलेल्याच्या पांघरुणात शिरते.

त्यानं घरी जाऊन सोमारीला सगळं सांगितलं. ती धान पाखडत होती, पाखडत राहिली. माणूस स्वतःला सोडवायला काहीही म्हणतो, असं तिच्या पाठीवरून दिसत होतं.

म्हणून तो तुमच्याकडं, आश्रमशाळा चालवणाऱ्या खात्याच्या कार्यालयात आला, साहेब. एका हातात बरणी, बाजूला जलालुद्दीन, कारण मराठी कागद वाचायला आणि साहेबलोकांशी बोलायला कोणी पाहिजे. जलालुद्दीननं अर्ज वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, पोरीला काय चावलं हे तू बघायला होतास का? पोचूनं झिंगूचं सांगितलं. तुम्ही हसलात, म्हणालात, त्या दारुड्याला हाच कोळी चावला कशावरून? पुरावा आण.

पोचूनं बरणी टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

तुम्ही खुर्ची मागं घेतली. कारकून दारात जमले. पोचूनं हात आत घातला. बुढी सालीमागं गेली. त्यानं साल काढून टाकली. ती तळाशी अंग चोरून बसली. कारकुनांपैकी एक म्हणाला, ही तर आपल्या खात्यातली दिसते, ढकलल्याशिवाय काम करत नाही. सगळे हसले. पोचूनं बोट पुढं नेलं.

“पाय उचलले,” तो म्हणाला. कोणाला सांगत होता कोण जाणे.

पिवळे पाय वर. तो थांबला नाही. तिनं पाय आपटले, बोटावर आपटले, तरी चावली नाही. जिनं म्हणे झोपलेल्या लेकराला काही कारण नसताना चावलं, ती जागेपणी, भरदुपारी, एका माणसाचं बोट अंगावर असताना चावत नव्हती. जलालुद्दीन म्हणाला, “छोडो पोचूभाऊ, देखा ना सबने.” तुम्ही चहाचा घोट घेतलात. तेव्हा पोचूनं तिचा एक पाय चिमटीत धरला आणि दाबला.

“माफ कर माय,” तो म्हणाला.

ती अंगठ्याच्या मुळाशी चावली. पोचूनं हात ओढला तशी बुढी फरशीवर पडली आणि भिंतीकडं पळाली. तुमच्या शिपायानं चप्पल ठेवली तिच्यावर. पोरीच्या हातची तेवढीच एक जिवंत वस्तू राहिली होती, तीही तुमच्या कार्यालयात गेली.

पुढचं तुम्ही पाहिलं नाही, तुमची जीप तालुक्याला गेली होती. हात कोपरापर्यंत सुजला. पोटऱ्यांत, मग छातीत गोळे येऊ लागले. जलालुद्दीननं त्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात निजवलं आणि सोमारीला निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पोचू भिंतीला डोकं घासून ओरडत होता. झाडाखाली पाय सापडला तेव्हा जो माणूस ओठ चावून गप्प राहिला होता, तो ओरडत होता. सोमारी पायथ्याशी बसली. ऐकत राहिली. संध्याकाळपर्यंत तिनं तो आवाज नुसता ऐकला.

“करिश्मा ओरडली नाई,” ती म्हणाली.

पोचूनं मान हलवली.

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. त्याच्याशी ती बोलली म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं. पण सोमारीचा हात मध्येच थांबला. तिला पुढचं कळलं होतं.

“बुढीच चावली असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “दोन दिवस रडली असती पोरगी. मंग जेवली असती.”

त्या व्हरांड्यात मग दोघंही रडली. जलालुद्दीन उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी पोचू दोन घास जेवला आणि सुजलेला हात घेऊन तुमच्याकडं आला. सोमारीही आली. तुम्ही हात पाहिलात, म्हणालात, मोठ्या माणसाचं अंग वेगळं, लहान मुलीचं वेगळं. पोचूनं विचारलं, “मंग माह्यी पोरगी ओरडली काऊन नाई, साहेब? अंग सुजलं काऊन नाई?” तुम्ही घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलंत.

म्हणून आता तोंडी नको, लेखी सांगा. तुमचा अधीक्षक घाबरून कोळी बोलला असेल. नोकरीची भीती कलाबाईलाही होती, तरी तिनं खरं सांगितलं. तुम्हाला कशाची भीती होती? झोपेत न दुखता चावून, न सुजवता, पापण्या पाडून मारणारा कोळी तुम्ही कुठं पाहिलात? आणि मण्यार लिहिलं असतं तर पोरी जमिनीवर का झोपतात, हे कोणाला विचारावं लागलं असतं?

सोमारीला वाचता येत नाही. जलालुद्दीन वाचून दाखवेल. तुम्ही लिहा.