अकरा लग्नपत्रिका

नववीसाठी विषय निवडायचे कागद वाटले, तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटली, तरी गोदू बाकावरून उठली नाही. म्हसळ्याहून आत, डोंगराकडच्या एका वाडीतून ती रोज तीन मैल चालत यायची. भातशेती करणाऱ्या कोंडाजीची ही धाकटी मुलगी. त्या वाडीतून आठवीपर्यंत पोचलेली पहिलीच.

"मुलींनी गृहशास्त्र घ्यायचं म्हणतात," ती चित्रकलेच्या यज्ञेश्वर मास्तरांना म्हणाली. "मी काय लिहू?"

"तुला पुढं काय करायचंय, ते आधी सांग."

"साबणाच्या कागदावर, पुस्तकांवर मोठी अक्षरं असतात ना, ती काढायची हायत."

मास्तर हसले नाहीत. "मग चित्रकला घे, आणि जोडीला वरची भूमिती. नुसता हात चांगला असून भागत नाही, अक्षराला माप लागतं. चित्रकलेच्या परीक्षा दे, यंदा एलिमेंट्री, पुढल्या वर्षी इंटरमिजिएट. मॅट्रिक झालीस की मुंबईत कमर्शियल आर्ट शिकता येईल. अर्ज मी लिहून देईन."

गोदूने दोन्ही विषय ठसठशीत अक्षरांत लिहिले. खाली बापाचा अंगठा तेवढा हवा होता.

घरी पोचली तर अंगणात बायका बसल्या होत्या. मुंबईहून निरोप आला होता. थोरली बहीण काशी बाळंतपणात गेली. मुलगा जगला होता.

दिवस-कार्य आटोपून काशीचा नवरा भागोजी तान्ह्याला घेऊन वाडीत आला. गिरणीतला माणूस, पस्तिशीचा. ओटीवर बसून तो सासऱ्याला म्हणाला, "मामा, पोराला आय पायजे. परकी आणली तर लाथाडील त्याला. तुमची गोदू हाय ना?"

कोंडाजीने मान खाली घातली. बहिणीच्या जागी बहीण देणे ही तिकडची जुनीच रीत. मुलीला त्यात कोणी विचारीत नसे.

"व्हय," तो म्हणाला. "घरातलं घरात ऱ्हाईल."

"मी न्हाय जायची!" गोदू दारातून ओरडली. "मला तेरा सरून चौदावं लागलंय. बाबा, माज्या कागदावर अंगठा द्या."

तिच्या आईने, बायजाने, तिच्या थोबाडीत मारली आणि रडत रडतच ते पोर तिच्या मांडीवर ठेवले. "भयनीचं रक्त हाय ते. तुला दया न्हाय? घे, आता तुजाच हाय." मग पोराला अंघोळ घालायला पाणी तापवायचे होते. चूल पेटेना, तेव्हा बायजाने फळीवरचा तो शाळेचा कागद ओढला आणि लाकडांखाली सारला.

गोदू पोराला धरून बघत राहिली. पोर भुकेने तिची चोळी चोखत होते.

लग्न आठ दिवसांवर धरले. भागोजीला मुंबईसारख्या पत्रिका हव्या होत्या. "छापायच्या कशाला? हिचं अक्षर छापल्यागत हाय," कोंडाजी अभिमानाने म्हणाला. वाडीतल्यांना तोंडी आमंत्रण पुरे होते. पत्रिका फक्त वाचणाऱ्या अकरा जणांसाठी. भागोजी सहीपुरता शिकलेला. कोंडाजी तेवढाही नव्हता.

गोदू दिवसभर ओटीवर बसून लिहीत होती. वर गणपती काढला, कडेने वेल काढली. नावे, तिथी, मुहूर्त, सगळे रीतीप्रमाणे. आणि सर्वांत खाली, आप्तेष्टांची नावे असतात त्या जागी, तितक्याच देखण्या अक्षरांत तिने अकराही कागदांवर लिहिले: "वधूचे वय तेरा वर्षे. वधूची संमती नाही. तिला शाळेत जायचे आहे. वाचणाऱ्याने हे लग्न थांबवावे."

कोंडाजीने कागदांना हळदकुंकू लावले आणि स्वतः वाटायला निघाला. जिथे जाई तिथे अकराही जणांची नावे तो कौतुकाने सांगे.

पोलीस पाटलाने पत्रिका वाचली. पुन्हा वाचली. "कोणी लिवली?"

"पोरीनं."

"अक्षर बेस हाय," पाटील म्हणाला आणि घडी करून खिशात टाकली. सरपंच वाचून नुसता हसला. तलाठ्याने विचारले, "जेवण कधी?" हेडमास्तरांनी ती दप्तराखाली सरकवली.

यज्ञेश्वर मास्तरांनी मात्र कागद घरात नेऊन मोठ्याने वाचून दाखवला. त्यांची बायको आनंदीबाई म्हणाली, "त्यांच्या जातीतली रीत आहे. तुम्ही मध्ये पडाल आणि उद्या वाडीतून एकही पोर शाळेत येणार नाही." मास्तरांना हे पटले नव्हते. पण पटल्यासारखे करणे सोपे होते.

लग्नाला पाटील आला, सरपंच आला, तलाठी दोन पंगतींना बसला. प्रत्येक माणूस मांडवात शिरला की गोदू मुंडावळ्यांआडून मान वर करून बघे. मंगलाष्टके सुरू झाली, अंतरपाट धरला गेला, तरी ती दाराकडेच बघत होती. पाटलाने पहिली मूठ अक्षता टाकली, तेव्हा तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मास्तर तालुक्याच्या चौकीत गेले. जमादाराने पत्रिका वाचली.

"लग्न लागलं?"

"काल लागलं."

"पत्रिका कधी मिळाली?"

"पाच दिवसांपूर्वी."

जमादाराने कागद परत केला. "पाच दिवस काय करत होतात, मास्तर?"

मास्तर तक्रार लिहायला बसले. आरोपींच्या जागी त्यांनी कोंडाजीचे नाव लिहिले, भागोजीचे लिहिले. मग त्यांनी पाटील, सरपंच, तलाठी, हेडमास्तर अशी पत्रिका मिळालेल्या दहा जणांची नावे एकाखाली एक लिहिली, आणि अकरावे आपले.