तेरवीच्या पत्रिकेतली नावं

कल्पना करा, घरात तुमचं अक्षर सगळ्यांत सुंदर आहे आणि आजोबांच्या तेरवीची पत्रिका लिहायला तुम्हालाच बसवलं आहे. बेसा गावातल्या एका घरात दहा वर्षांच्या नूपुरला असंच बसवलं होतं. तिनं लिहिलेल्या कागदाचा फोटो छापखान्यात जाणार होता.

तिचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ गणपतराव, सांगत होते. "वर 'शोकाकुल' लिही. खाली गणपतराव, शोभा, विक्रम. मग नातवंडं. ऋषी, काजल आणि तू."

नूपुर प्रत्येक नाव लिहून स्वल्पविराम देत होती. तुम्हीही असाच देता. शेवटच्या दोन नावांमध्ये मात्र 'आणि' येतो, तिथे स्वल्पविराम लागत नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

'विक्रम' हे वडिलांचं नाव लिहून तिनं स्वल्पविराम दिला आणि पुढे 'अरुंधती' लिहून पुन्हा स्वल्पविराम दिला. अरुंधती ही तिची आई.

आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षं आईनंच त्यांना चमच्यानं पातळ भात भरवला होता. मग आईबाबांचं पटेनासं झालं. गेल्या उन्हाळ्यापासून आई रामदासपेठेत एकटी राहत होती. आजोबांना स्मशानात नेलं त्या दिवशी ती आली, पण फाटकाबाहेरूनच परत गेली. तिला आत कोणी बोलावलं नाही. पत्रिकेत नाव आलं, की तेरवीला तरी आई घरात येईल, असं नूपुरला वाटलं.

"हे काहून लिहिलं वं?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"तुम्हीच 'शोकाकुल' लिहायला सांगितलं ना! आई किती रडून राहिली होती. मी खिडकीतून पाहिलं."

"मंग माझं नाव नको लिहू," ऋषीदादा म्हणाला. "मी कुठं रडलो?"

"चूप बस गा!" मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको शोभा, त्याच्यावर ओरडली.

मोठे बाबा हळूच म्हणाले, "बेटा, ही रडणाऱ्यांची यादी नसते. घरच्यांची असते."

नूपुरनं बाबांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये पाहत होते. मान वर न करता म्हणाले, "काट ते. लोक मले विचारत बसतील."

तिनं नावावर रेघ मारली. दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम तसेच राहिले, मधे कोणीच नाही. अशी यादी देता येत नाही, ती पुन्हा लिहावी लागते.

"घे, नवा कागद घे," मोठी आई म्हणाली.

नूपुरनं डोळे पुसले. पुन्हा 'शोकाकुल' लिहिलं. गणपतराव, शोभा आणि विक्रम. खालच्या ओळीत नातवंडं आली. तिनं 'ऋषी' लिहिलं, 'आणि' लिहिलं, 'काजल' लिहिलं. मग पूर्णविराम दिला, पेनाला टोपण लावलं आणि कागद मोठ्या बाबांच्या हातात दिला.