माळावरचा तरवड

अंगद हैदराबादेत चित्रकला शिकून पालमजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. आता हा देवळाच्या भिंतीवर हत्ती-मोर काढील, असं गावाला वाटलं. अंगद मात्र माळावर जाऊन तरवडाच्या झुडपांची चित्रं काढत बसायचा.

"सारी झाडं सोडून हेच का?" त्याची बायको कमलबाई विचारायची. "ह्याला शेळीबी तोंड लावत न्हाई."

"औंदा हिरी आटल्या, ज्वारी करपली. अन् हा बघ, खडकात कसा पिवळाधमक फुललाय."

पूर्णेला शेतीचं प्रदर्शन भरणार होतं. मांडवात लावायला चित्रं घेऊन या, असा प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष माणिकराव यांनी निरोप धाडला. अंगदनं पाच चित्रं धोतरात गुंडाळली आणि एसटीनं पूर्णा गाठली.

माणिकरावांनी एकेक चित्र उचलून पाहिलं. "हात लय चांगला हाय तुमचा. पण खडक अन् झुडपंच? लोकांनी इथं येऊनबी दुष्काळच बघायचा का?"

"हा दुष्काळ न्हाई, माणिकराव. दुष्काळाला पुरून उरलेलं झाड हाय."

"ते तुमाला कळतं. बघणाराला कोण समजावणार? मागं जरा ऊस दाखवा, एक हीर काढा. मंग लावू."

अंगदनं बराच वाद घातला. शेवटी वाटलं, एक बदललं तर बाकीची चार तरी लागतील. मांडवातच मांडी घालून त्यानं सगळ्यात मोठ्या चित्रातला उजाड माळ हिरव्या रंगानं झाकला. ऊस काढला, भरलेली विहीर काढली. प्रत्येक फटकाऱ्याला त्याचा हात जड होत होता.

माणिकरावांनी तेवढंच एक चित्र लावलं. बाकीची चार बियाण्यांच्या पोत्यांमागं टेकवून ठेवली.

लोक आले. "ऊस कसा खराखुरा दिसायलाय!" म्हणाले. एका म्हाताऱ्यानं तरवडावर बोट ठेवलं. "एवढ्या ब्येस उसात हे झुडूप कशाला ठिवलं? उपटून टाकायचं की!"

अंगदची कानशिलं तापली. तो तडक माणिकरावांकडं गेला. "माझं चित्र काढा."

"काढा कसं? आता ते मंडळाचं हाय. तुमचं नावबी झळकायलंय की खाली."

अंगदनं खिशातला चाकू काढला आणि सगळ्यांदेखत चित्रावरचं आपलं नाव खरवडून टाकलं. माणिकराव ओरडत राहिले. तो चार चित्रं काखोटीला मारून बसस्टँडकडं चालू लागला.

घरी कमलबाईनं विचारलं, "लावली का?"

"एक लावलं. नको ते."

तिनं गुंडाळी सोडली आणि एक चित्र उतरंडीजवळच्या खुंटीला अडकवायला घेतलं.

"लावू नको!" तो खेकसला.

"मंग काढता कशाला?" तीही भडकली. "म्या दिसभर एकलीनं रानात राबायचं, तुमी झुडपापुढं बसायचं, अन् ते कुणी बघायचंबी न्हाई?"

कमलबाईनं चित्र भिंतीला लावलंच.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माळावर गेला. हात वळत नव्हता. दोन कागद त्यानं चिडून फाडले. तिसऱ्यावर खोड कसंबसं उतरलं. फुलं काही केल्या जमत नव्हती, आणि ऊन डोक्यावर आलं तरी तो उठला नाही.