हाक ऐकल्यावर मी गप्प का बसतो

मी एका पांढऱ्या पेशीच्या अंगावरचा जुना ग्राही आहे. माझं वय तीन-चार दिवसांचं. पण मित्रांनो, आमच्यात एवढं आयुष्य म्हणजे म्हातारपणच. शास्त्रज्ञ मला केमोकाइन ग्राही म्हणतात. शरीरात कुठे जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या पेशी केमोकाइन नावाचे बारीक कण सोडतात. ते कण म्हणजे हाक. ती ऐकायची आणि पेशीला त्या दिशेने वळवायचं, हे माझं काम.

माझा जन्म वारज्यात राहणाऱ्या यमुनाबाईंच्या हाडातल्या मज्जेत झाला. गोधडीला टाके घालावेत तसं मला पेशीच्या आवरणातून सात वेळा ओवलेलं आहे. डोकं बाहेर, शेपूट आत.

नवरात्राचे दिवस होते. यमुनाबाईंचं अनवाणी राहायचं व्रत. देवळाच्या वाटेवर रस्ता खोदलेला, तिथे त्यांच्या टाचेत काच शिरली. त्यांनी वरून हळद दाबली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर सून चप्पल घालायला लावील ना!

मला हाक आली. मी आत निरोप दिला, पेशी वळली. तेवढ्यात आतून काही मंडळी आली आणि माझ्या शेपटीला फॉस्फेटचे मणी अडकवून गेली. मणी दिसताच अरेस्टिन नावाचं प्रथिन आलं आणि शेपटीवर ठाण मांडून बसलं. आता बाहेरून कितीही हाका येवोत, माझा निरोप आत जाईना. मग मला पेशीच्या पोटात ओढून घेतलं. फार वाईट वाटलं. एवढं काम केलं, त्याचं हे फळ?

पण आतल्या आंबट कोठडीत डोक्याला चिकटलेला कण सुटला, मणी उतरवले गेले आणि मला पुन्हा वर पाठवलं. तेव्हा कळलं, ती शिक्षा नव्हती. पहिलीच हाक कानात घुमत राहिली तर पुढची, जवळची हाक कशी ऐकू येणार? पेशी वाटेतच अडकून पडेल. ऐकायचं, गप्प बसायचं, स्वच्छ होऊन पुन्हा ऐकायचं.

बाहेरचं बोलणं मला कसं कळतं, हे मात्र विचारू नका. आत्मवृत्तात एवढी सूट असते.

सून उत्कर्षा हिंजवडीला नोकरी करते. रोज कंपनीच्या बससाठी निघताना दारातून म्हणायची, "आई, चप्पल घाला हो."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"बरं बरं."

रोज तेच, त्याच सुरात. यमुनाबाईंच्या कानावर ते पडत होतं, आत जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही त्या अनवाणीच गेल्या. काच आणखी आत रुतली. घोट्यापर्यंत सूज आली, अंगात ताप भरला. आता हाका नुसत्या टाचेकडूनच येत नव्हत्या. सगळ्या रक्तात एकच गोंगाट झाला. दिशाच उरली नाही. माझे सोबती एकेक करून गप्प झाले, आत गेले; मीही गेलो. काहींना तर परत न पाठवता मोडीत काढलं. आमची पेशी रक्तात नुसती वाहत राहिली. असंच चाललं असतं तर यमुनाबाईंचा पाय गेला असता, कदाचित जीवही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्षाला फरशीवर रक्ताचा ठसा दिसला. यमुनाबाई पूजेचं ताट घेऊन लंगडत निघाल्या होत्या. उत्कर्षा त्या दिवशी काहीच बोलली नाही. तिने पायातले बूट काढून ठेवले आणि अनवाणी त्यांच्यामागे जिना उतरू लागली.

"अगं, हे काय? तुझी बस?"

"जाऊ दे."

"खाली काचा आहेत, बाई! पायात जाईल एखादी."

"तुम्हाला बऱ्या ठाऊक काचा!"

यमुनाबाई पायरीवरच थांबल्या. म्हणाल्या, "बूट घाल जा. आणि येताना माझी चप्पल आण. आधी दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी काच काढली, पू काढला, इंजेक्शन दिलं.

"व्रत मोडलं हो माझं," यमुनाबाई पुटपुटल्या.

"पाय राहिला तर पुढच्या वर्षी अनवाणी जाल," डॉक्टरीणबाई पट्टी बांधता बांधता म्हणाल्या. "नाहीतर देवीलाच तुमच्याकडे यावं लागेल. तिला जिना चढायला लावणार का?"

यमुनाबाईंना हसू आलं.

हळूहळू रक्तातला गोंगाट ओसरला. मला पुन्हा वर आणलं गेलं. एकच हाक उरली होती, टाचेकडची. ती मी नीट ऐकली. पेशी वळली, रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडली आणि आता आम्ही टाचेपाशी आहोत. इथून परत जाणं नाही. काम झालं की पेशीबरोबर मीही संपेन. त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, मागणं एवढंच. लहानशी जखमही लपवू नका. आणि कुणी ऐकेनासं झालं तर त्याला बहिरा ठरवू नका. तो पुष्कळ ऐकून गप्प झालेला असेल. जरा थांबा, मग वेगळ्या तऱ्हेने हाक मारून बघा.

"आई, पट्टी बदलायला जायचंय. रिक्षा आलीये खाली."

"थांब गं, चप्पल घालतेय."