अंड्यावरचा दुसरा ठिपका

तांबड्या नदीकाठच्या त्या गावात घरोघरी विकायला नाग पाळतात. नागाचं अंडं माठातल्या रेतीत ठेवलं की वरच्या बाजूला शाईचा ठिपका द्यायचा, आणि तो शेवटपर्यंत वरच राहिला पाहिजे. अंडं कलंडलं की आतलं पिल्लू मेलंच म्हणून समजा.

म्हाताऱ्या ख्वातची सून मियेन मात्र बदकं उबवणाऱ्या गावची. तिकडे अंडी रोज फिरवतात! यंदा ख्वातची साठच्या साठ अंडी नासली, तेव्हा त्यामुळेच त्याने पुरावा शोधलाच नाही. चहाच्या टपरीवर, अख्ख्या आळीसमोर तो कडाडला, "बदकवाली ती बदकवालीच! हाताची खोड जाते होय?"

"मामंजी, मी हात लावला नाही," एवढंच ती म्हणाली. टपरीवाली तिएपबाई फिसकन हसली. मियेनचा नवरा हनोईला कामावर, तिची बाजू घेणार कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माहेरी जायला गाठोडं बांधलं.

ख्वात अंगणात माठ रिकामा करायला बसला. सडकी अंडी काढता काढता त्याचा हात थबकला. ठिपके तर सगळे वरच होते! मग अंडी फिरलीच नव्हती की काय? त्याने एक अंडं उलटून पाहिलं. खाली आणखी एक ठिपका होता, पुसट, जुना.

अरे देवा! आत्ता कुठे त्याला आठवलं. वडिलांच्या पुण्यतिथीला तांदळाची दारू ढोसून तो माठावर धडपडला होता. अंडी घरंगळली होती. जुने ठिपके दिसेनात, म्हणून त्यानेच नवे दिले होते. ख्वातचे कान तापले. गुपचूप पुरून टाकावीत, कोण बघतंय, असंही मेल्या मनात आलंच.

मान वर केली तर दारात मियेन, गाठोडं काखेत.

"तुला ठाऊक होतं?"

"मीच तर तुम्हाला धरून बिछान्यावर नेलं."

"मग काल बोलली का नाहीस, बये?"

"तुमच्या वडिलांनीच तुम्हाला नाग पाळायला शिकवलं ना? त्यांच्याच पुण्यतिथीला तुम्ही असे... चारचौघांत कसं सांगायचं, मामंजी?"

ख्वातला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते अंडं घेऊन तो तडक टपरीवर गेला. शेंगदाण्याच्या चिक्कीशेजारी ते ठेवून त्याने सगळ्यांना दोन्ही ठिपके दाखवले.

"फिरवणारा मी. दारू पिऊन. पोरीवर मी खोटा आळ घेतला." आज तिएपबाईही हसली नाही.

मागे रस्त्यावर मियेन उभी होती. तिने सगळं ऐकलं, डोळे पुसले. गाठोडं मात्र खाली ठेवलं नाही.